येवल्याला कुणी सांगितलं?

१

साखरपुडा होऊन नऊ दिवस झाले होते. दहाव्या दिवशी सकाळी येवल्याहून एक माणूस मोटारसायकलवर मखमलाबादला काकडांच्या दारात आला. त्याने गाडी बंद केली नाही. हातातली पिशवी ओट्यावर ठेवली, पाण्याला नको म्हणाला आणि आल्या पावली परत फिरला.

पिशवीत नवऱ्या मुलाला दिलेली अंगठी होती, घडी न मोडलेले कपडे होते आणि वहीच्या कागदावर लिहिलेली चिठ्ठी होती. घरातला कर्ता मुलगा महेश नुकताच फुलबाजारातून आला होता. त्याने चिठ्ठी उभ्याउभ्याच मोठ्याने वाचायला घेतली.

‘विहीणबाईंना छातीच्या गाठीचा आजार आहे, त्याच्या दर महिन्याच्या गोळ्या सुरू आहेत, आणि हे तुम्ही आमच्यापासून लपवलं. उद्या मुलीलाही तेच निघालं तर काय करायचं? सोयरीक पुढे न्यायची नाही, असं आमच्या घरात ठरलं आहे. – सुलाबाई.’

वाचून झाल्यावर तो थांबला. मग म्हणाला, “कुणाला गाठ?”

त्याची बहीण मोहिनी, जिचं लग्न मोडलं होतं, ती आईकडे बघत होती. आई, नवसाबाई, खाटेवर बसून झेंडूच्या माळा ओवत होत्या. त्यांनी मुलाकडे पाहिलं नाही, मुलीकडेही नाही. त्या स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होत्या. तिथे त्यांची सून प्रतिभा उभी होती.

“मी तुला एकटीला सांगितलं होतं,” नवसाबाई म्हणाल्या.

सुनेशी त्या बोलल्या ते एवढंच. त्यानंतर सहा आठवडे त्या तिच्याशी एक शब्दही बोलल्या नाहीत.

२

लहानू गायधनी ओझरच्या विमान कारखान्यात एकतीस वर्षं तपासनीस होते. तयार झालेल्या सुट्या भागावर लाल रंग लावायचा, पुसून काढायचा, वरून पांढरी पूड मारायची आणि थांबायचं. डोळ्याला न दिसणारी भेग असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. निवृत्तीनंतर ते मखमलाबादलाच राहत. नवसाबाईंचे गेलेले यजमान चिमाजी हे त्यांचे बालमित्र.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात एका दुपारी प्रतिभा त्यांच्याकडे आली. ती बसली नाही.

“काका, आईंना कुणी फसवलं ते शोधून द्या.”

“मी काय पोलीस आहे?”

“तुम्ही कारखान्यात भेगा शोधायचे ना.”

“त्या अॅल्युमिनियमच्या होत्या, पोरी. अॅल्युमिनियम खोटं बोलत नाही.”

ती हसली नाही. तिने सांगितलं ते थोडक्यात असं. डिसेंबरात नवसाबाईंना डाव्या छातीत गाठ जाणवली. त्यांनी फक्त सुनेला सांगितलं. तपासण्या झाल्या. ऑपरेशनची वेळ निघून गेली आहे, गोळ्यांवर जितके दिवस निघतील तितके, असं डॉक्टरांनी सांगितलं. नवसाबाईंनी घरी आल्यावर सुनेचा हात धरला आणि मोहिनी नांदायला जाईपर्यंत ही गोष्ट भिंतीलाही कळता कामा नये, असं वचन घेतलं.

“महेशला?”

“तीन महिने एका खोलीत झोपले. नाही सांगितलं. आता ते म्हणतात, माझ्यापासून लपवलंस आणि परक्यांना सांगितलंस. दोन्हीकडून मीच.”

“तुझ्या माहेरी?”

“आईला सुद्धा नाही.”

“अजून कुणाला माहीत होतं?”

“भिकन रिक्षावाला. दवाखान्यात तोच न्यायचा.”

लहानूंनी चष्मा पुसला. “समजा, सापडलं. मग काय? येवल्याचे परत येणार नाहीत.”

“मला सोयरीक जुळवून नको,” प्रतिभा म्हणाली. “डॉक्टरांनी गोळ्या बंद करून पंधरा दिवस झाले. म्हणाले, आता महिनाभर धरा. मी ताट नेलं की त्या भिंतीकडे तोंड करतात. मोहिनीच्या हातून खातात. काका, त्या जायच्या आधी एकदा माझ्याशी बोलल्या पाहिजेत. खरी गोष्ट कळल्याशिवाय त्या बोलायच्या नाहीत.”

लहानूंनी तिच्याकडून येवल्याची चिठ्ठी मागून घेतली. ती गेल्यावर त्यांनी ती तीनदा वाचली. तिसऱ्या वाचनात त्यांना वाटलं, यात जे लिहिलं आहे त्यापेक्षा जे लिहिलेलं नाही ते विचित्र आहे.

३

भिकन मखमलाबाद नाक्यावरच्या स्टँडवर रिक्षात पाय वर घेऊन बसला होता.

“या बाबा. माझ्यावरच नाव आलंय ना? मला माहीत होतं. गावात काय फुटलं की रिक्षावाला.”

“तू येवल्याला कुणाला ओळखतो?”

“येवल्याला मी आयुष्यात एकदा गेलोय, ते बी पंक्चर झाली म्हणून थांबलो.” त्याने पाय खाली घेतले. “बाबा, माझ्या मागच्या सीटवर बायका जे बोलू राहिल्या ते लिहून काढलं असतं तर मी आज पेपर चालवला असता. एक शब्द बाहेर जात नाय. धंद्याचा सवाल आहे.”

“नवसाबाईंना काय झालंय, ते कधी कळलं?”

“पहिल्याच दिवशी. दवाखान्याचा बोर्ड वाचता येतो मला. कॅन्सरचा दवाखाना. पाच वेळा नेलं, पाच वेळा आणलं. एकदा येताना नवसाबाई रिक्षातच रडल्या. मी आरसा फिरवून घेतला.”

“कॅन्सर कशाचा?”

“ते कोण विचारणार? पोटाचा असंल.”

“आणि गोळ्या?”

भिकन गोंधळला. “कोणत्या गोळ्या? मला वाटलं, आत बाटली लावत असतील. गोळ्या घ्यायला रिक्षा कधी थांबली नाय.”

लहानूंनी त्याला चहा पाजला आणि चालत घरी निघाले. भिकनला दवाखाना माहीत होता, गोळ्या माहीत नव्हत्या. चिठ्ठी लिहिणाऱ्या बाईला गोळ्या माहीत होत्या. आणि दवाखाना? नाशिकच्या कोणत्या दवाखान्यात, कोणत्या डॉक्टरकडे, हे माहीत असतं तर चिठ्ठीत ते पहिल्यांदा आलं असतं. सोयरीक मोडताना माणूस पुरावा देतो. सुलाबाईंनी दिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी येवल्याची एसटी धरली.

४

सुलाबाईंचं घर येवल्याच्या अलीकडे, कांद्याच्या चाळीला लागून होतं. बाई पंचावन्नच्या, उंच आणि तोलून बोलणाऱ्या. त्यांनी पाण्याचा तांब्या समोर ठेवला.

“पाव्हणं, मला वाईट ठरवायला आला असाल तर ठरवा. माझी सख्खी बहीण याच आजाराने गेली. चार वर्षं तिचं हागणंमुतणं मी काढलं. तिची पोरगी आत्ता तिसाव्या वर्षी तेच घेऊन बसलीय. माझ्या पोराच्या, साईच्या वाट्याला ते नको, एवढंच.”

“मी सोयरीक जोडायला आलो नाही,” लहानू म्हणाले. “त्या घरात एका सुनेवर आळ आलाय. तिने तुम्हाला सांगितलं, असं सासूला वाटतं. तुम्हाला कुणी सांगितलं, ते कळलं तर आळ जाईल.”

“सुनेने?” सुलाबाईंच्या चेहऱ्यावर खरंच आश्चर्य उमटलं. “ती पोरगी माझ्याशी पाच शब्द बोलली असेल. तिने नाय सांगितलं.”

“मग कुणी?”

“ते मी सांगायची नाय. सांगितलं तर तुम्ही हसाल.”

लहानूंनी हा शब्द मनात ठेवला. लग्न मोडण्याच्या गोष्टीत हसण्यासारखं काय असेल?

“बरं. डॉक्टरांचं नाव तर कळलं असेल?”

“नाय.”

“ऑपरेशन करणार नाहीत, ते?”

“करणार नाहीत?” सुलाबाई थांबल्या. त्यांनी पदराने ओठ टिपले. “म्हणजे एवढं पुढे गेलंय? मला वाटलं, सुरुवात असेल.”

“तुम्हाला नेमकं काय कळलं होतं?”

“छातीची गाठ. महिन्याच्या गोळ्या. आणि त्या संपत आल्या होत्या, एवढंच.”

लहानूंच्या हातातला तांब्या तसाच राहिला. साखरपुडा पाच मार्चला झाला होता. प्रतिभाने सांगितलेल्या तारखा त्यांनी कागदावर टिपून घेतल्या होत्या. तिने चौथ्या महिन्याच्या गोळ्या आणल्या त्या दहा मार्चला. म्हणजे साखरपुड्याच्या दिवशी डबीत पाच गोळ्या उरल्या होत्या. डबी नवसाबाईंच्या ट्रंकेत, ट्रंकेची किल्ली त्यांच्या कमरेला.

आजार केवढा आहे हे ज्याला ठाऊक नाही, दवाखाना ठाऊक नाही, पण गोळ्या कोणत्या आठवड्यात संपणार हे बरोबर ठाऊक आहे, असा माणूस काकडांच्या घरात नव्हता. असा माणूस कुठेच असू शकत नव्हता.

५

गोळ्या ज्या दुकानातून येत ते नाशिकच्या द्वारका चौकाजवळ होतं. काचेची दारं, आत गारवा, शहरभर शाखा. लहानू काउंटरपाशी गेले. समोर निकिता नावाचा बिल्ला लावलेली मुलगी होती.

“डोकेदुखीची एक पट्टी द्या.”

“नंबर?”

“कसला?”

“मोबाईल नंबर, बाबा. बिलाला लागतो. सूट मिळते.”

“डोकं माझं दुखतंय, मोबाईलचं नाही.”

मुलगी हसली. “सगळे असंच म्हणतात आणि देतात. तुमचा नसेल तर घरच्या कुणाचाही सांगा.”

“त्या नंबराचं तुम्ही काय करता?”

“आम्ही काय करणार? वर जातो.”

“वर म्हणजे?”

“हेड ऑफिसला. ते जाहिरातवाल्यांना देतात. मग ज्याचा नंबर, त्याच्या मोबाईलवर त्याच औषधाची जाहिरात. पट्टी कधी संपणार ते पण कळतं त्यांना, दिवसच मोजायचे असतात.” तिने आवाज खाली घेतला. “मी माझ्यासाठी केस गळतीचं औषध घेतलं, नंबर आईचा दिला. आता आई दिवसभर टकलाच्या जाहिराती बघते आणि बाबांकडे संशयाने बघते.”

लहानूंनी डोकेदुखीची पट्टी घेतली नाही. ते थेट काकडांच्या घरी गेले. महेश मळ्यात होता, मोहिनी आतल्या खोलीत आईपाशी. प्रतिभा ओट्यावर शेवंती निवडत होती.

“दुकानात तू कोणता नंबर द्यायची?”

“घरचा,” ती म्हणाली, जणू दुसरा असूच शकत नाही.

घरचा नंबर म्हणजे चिमाजींनी अठरा वर्षांपूर्वी घेतलेला. गॅस त्यावर, रेशन त्यावर, विजेचं बिल, बँक, फवारणीच्या औषधांचं दुकान, सगळं त्यावर. चिमाजी गेल्यावर नंबर कुणी बंद केला नाही. तो मोबाईल बाहेरच्या खोलीत टीव्हीशेजारच्या फळीवर असे. प्रत्येकाकडे स्वतःचा फोन होता, त्यामुळे या फोनचा उपयोग एवढाच, की ओटीपी आला तर बघायचा. आणि पाहुण्यांपैकी कुणाला लागला तर द्यायचा.

“साखरपुड्याला सुलाबाई मुक्कामी होत्या?”

“एक रात्र. सकाळी त्यांच्या फोनचं चार्जिंग उतरलं होतं. त्यांना भजनं ऐकायची होती, म्हणून मी...” तिचे हात थांबले. तिने फळीकडे पाहिलं.

लहानूंनी मोबाईल घेतला आणि भजन लावलं. पहिल्यानंतर साबणाची जाहिरात आली. दुसऱ्यानंतर ट्रॅक्टरची. तिसरं भजन सुरू होण्याआधी पडद्यावर डोक्याला रुमाल बांधलेली एक हसरी बाई आली. मागून मऊ आवाज म्हणाला, “आईच्या छातीच्या गाठीवरच्या गोळ्या संपत आल्यात? याच आठवड्यात घरपोच मागवा.” खाली दुकानाचं नाव.

डॉक्टरांनी त्या गोळ्या कधीच बंद केल्या होत्या. जाहिरातीला ते माहीत नव्हतं.

लहानूंनी तिथूनच येवल्याला फोन लावला. सुलाबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

“आता हसा,” त्या म्हणाल्या. “एका तासात तीनदा आली ती बाई. माझ्या फोनवर कधी येत नाय. माझ्या दिराचं मोबाईलचं दुकान आहे, त्याला विचारलं. तो म्हणाला, वहिनी, ज्या घरात ते औषध जातं त्याच घराला दाखवतात. मग मला आठवलं, ओटी भरताना बाई दोन्ही हातांनी पदर धरते. विहीणबाईंनी एकाच हाताने धरला होता. डावा वर झालाच नाय.”

“जाहिरातीवरून तुम्ही लग्न मोडलं?”

“माणसाने येऊन सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता, पाव्हणं. सोयरीक मोडायला माणसं काहीही सांगतात. मोबाईलचं कुणाशी वैर आहे?”

फोन ठेवून लहानू वळले. प्रतिभा भिंतीला टेकून खाली बसली होती. मांडीवरची फुलं जमिनीवर गेली होती.

“काका,” ती म्हणाली, “म्हणजे मीच.”

६

लहानू तिच्यासमोर पाटावर बसले. कारखान्यात भेग सापडली की त्यांचं काम संपत असे. पुढचं दुसऱ्या खात्याकडे जाई. इथे दुसरं खातं नव्हतं.

“तू कुणाला सांगितलं नाहीस,” ते म्हणाले. “दुकानाने सांगितलं. मी आत जाऊन नवसावहिनींना तेवढंच सांगतो. नंबर कुणी दिला, हा विषयच काढत नाही. सांगेन त्यात एकही शब्द खोटा नसेल.”

“त्या विचारतील, दुकानाला आपला पत्ता कसा लागला.”

“आजारी माणूस एवढं विचारत नाही.”

“त्या विचारतील. आणि नाही विचारलं, तरी अर्धं सांगून त्या बोलल्या तर त्या माझ्याशी बोलल्या असं मला वाटणार नाही.” ती उठली. “तुम्ही सोबत चला. बोलते मी.”

आतल्या खोलीत नवसाबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. मोहिनीने त्यांच्या पायाला तेल लावून नुकतं संपवलं होतं. ती उठून जायला लागली तेव्हा प्रतिभाने तिला थांबवलं. तिनेही ऐकलं पाहिजे, असं म्हणाली.

मग तिने सगळं सांगितलं. दुकानातली मुलगी नंबर विचारते ते, आपण विचार न करता चार महिने चार वेळा घरचा नंबर दिला ते, तो जाहिरातवाल्यांकडे जातो ते, सुलाबाईंच्या हातात फोन आपणच दिला ते. काही सोडलं नाही. शेवटी म्हणाली, “मी तोंडाने कुणाला सांगितलं नाही, आई. पण गेलं माझ्याच हातून. मोहिनी, तुझं लग्न माझ्यामुळे मोडलं.”

मोहिनी खाली बघत राहिली. बाहेर कुणाचा तरी पाण्याचा पंप चालू होता, तेवढाच आवाज. नवसाबाई हलल्या नाहीत. लहानूंना वाटलं, त्या झोपल्या असाव्यात, किंवा आता काहीच उपयोग नाही.

बऱ्याच वेळाने भिंतीकडूनच आवाज आला. “तो नंबर तुला कुणी दिला होता?”

प्रतिभाला प्रश्न कळायला वेळ लागला. “तुम्ही.”

“लग्न होऊन किती दिवस झाले होते तुला?”

“चार. पाच असतील.”

“चूल पेटवायच्या आधी मी तुझ्याकडून तो म्हणून घ्यायची. मला लिहिता येत नाय. यांनी मला दोन-दोन आकडे करून शिकवला होता, तसा मी तुला शिकवला. म्हणलं, नवी पोर हाय, दुकानात कुणी विचारलं तर घाबरायला नको.” त्यांना दम लागला. त्या थांबल्या. “तेव्हा मला तरी काय माहीत, तो नंबर काय काय बोलतो.”

“आई, तुमचा काय दोष?”

“मग तुझा काय?”

नवसाबाईंनी कूस बदलायचा प्रयत्न केला. डावा हात साथ देत नव्हता. मोहिनी पुढे झाली, पण नवसाबाईंनी मानेने तिला नको म्हटलं आणि उजवा हात सुनेकडे केला. प्रतिभाने तो धरून त्यांना आपल्याकडे वळवलं. सहा आठवड्यांत पहिल्यांदा त्यांनी तिचा चेहरा जवळून पाहिला.

“लय वाळलीस,” नवसाबाई म्हणाल्या. “जेवली का नाय आज?”

त्या संध्याकाळी महेश मळ्यातून आला तेव्हा बायको आईच्या खाटेवर बसून भात कालवत होती. लहानूंनी त्याला ओट्यावर घेऊन सगळं सांगितलं. तो हातपाय धुवायला गेला आणि खूप वेळ नळाखालीच उभा राहिला.

महेशने दुकानाच्या हेड ऑफिसला तक्रार पाठवली. बारा दिवसांनी उत्तर आलं. ग्राहकाने नंबर स्वेच्छेने दिला असून बिलाच्या मागील बाजूस छापलेल्या अटी त्याला मान्य होत्या, असं त्यात होतं. बिलं ट्रंकेत जपून ठेवलेली होती. अटी इंग्रजीत होत्या.

नवसाबाई एकोणीस दिवसांनी गेल्या. दहाव्याला सुलाबाई येवल्याहून एकट्याच आल्या. मोहिनीशेजारी बसल्या, तिच्या पाठीवर हात ठेवला, जेवल्या आणि दुपारच्या एसटीने परत गेल्या. सोयरिकीचा विषय कुणी काढला नाही.

त्या एकोणीस दिवसांत सासू-सुना रोज बोलत असत. कधी दार लोटून, कधी हळू आवाजात, एकदा हसण्याचा आवाजही बाहेर आला होता. काय बोलत, हे लहानूंनी प्रतिभाला विचारलं नाही. तिनेही ते कधी कुणाला सांगितलं नाही.